खाली नळाला वास येतो

आमच्या ह्यांना लोक लग्नाचं आमंत्रण द्यायला येतात ना, तेव्हाही जाता जाता दारातून म्हणतात, "पोतनीस साहब, जरा पाना भी लेते आइएगा, बाथरूम की टोंटी टपक रही है." आणि हे जातात! अंगात जाकीट, एका हातात आहेराची पिशवी, दुसऱ्या पिशवीत पाना आणि वायसरांची डबी. वरमाला चालू असताना हे लोकांच्या बाथरूममध्ये. मी किती वेळा म्हटलं, "अहो, तुम्ही विमा कंपनीतून रिटायर झालात, नळवाले म्हणून नाही." तर म्हणे, "कुसुम, विम्याचं बोलायला गेलो की लोक दार लावून घ्यायचे. आता तेच दार उघडून वाट बघतात." कपाळ माझं! मी गप्प बसते. म्हणजे थोडा वेळ.

उज्जैनला टावर चौकाच्या मागच्या गल्लीत आमचं घर. वर आम्ही दोघं, खालचा मजला पुष्कळ दिवस रिकामा होता. गल्लीत मराठी म्हणावं असं आमचं एकच घर, बाकी सगळे इकडचे. पण कोणाच्या घरी पाण्याची काही भानगड झाली की पहिली हाक ह्यांनाच. यांचं एक असायचं, पाना आधी काढायचा नाही. आधी म्हणायचं, "काँच का गिलास लाओ." त्यात पाणी घेऊन उजेडाकडे धरायचं. पाणी दुधासारखं दिसतंय, लोक घाबरलेत, तर हे ग्लास ओट्यावर ठेवून बघत बसणार. खालून वर साफ होत आलं की म्हणणार, "हवा है, आराम से पियो." सकाळचं पहिलं पाणीच तेवढं पिवळं असेल तर पाइप गंजलाय. टोंटीची धार बारीक झाली असेल तर तोंडाची जाळी उघडून झटकायची, मूठभर रेती निघते. बंद करूनही टपकत असेल तर वायसर गेलंय. हे सगळं मलासुद्धा आता पाठ झालंय, न शिकता.

आणि मग यायचं नाक. तो ग्लास हे नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे, आणि अख्खं घर श्वास रोखून उभं. "टंकी में काई है," म्हणजे शेवाळ. नाही तर, "नाली मिल रही है कहीं, बिलकुल मत पीना." एकदा समोरच्यांच्या टाकीत कबूतर मरून पडलं होतं. वर न चढता ह्यांनी नुसत्या वासावरून सांगितलं. तेव्हापासून गल्लीत ह्यांच्या नाकाचा भाव काय विचारता! मी चिडवायचे, म्हणायचे, "तुमच्या नाकाचाच विमा उतरवायला पाहिजे होता." हे खूश व्हायचे.

मग आमच्या यशोधनने पुण्याची नोकरी सोडून इंदूरला धरली आणि राहायला आमच्याकडे आला. आम्ही म्हातारे होत चाललो म्हणून आला, असं तो म्हणाला नाही, पण आई आहे, कळतं. रोज देवास गेटच्या स्टँडवरून बस धरून इंदूरला जाणार, संध्याकाळी परत. बरोबर सून देवश्री, पुण्याची, आणि मांडीवर ऋचा, नुकती बसायला लागलेली. ह्यांचा आनंद काय सांगू! खालचा मजला रंगवून घेतला. देवश्रीला बाळाच्या वाट्या-चमचे धुवायला, चहा करायला वर-खाली करावं लागू नये म्हणून खाली छोटं किचन केलं. टोंटी होती एका भिंतीला, ती ह्यांनी स्वतः दुसऱ्या भिंतीला, खिडकीजवळ नेली. "तिला उजेडात काम करता आलं पाहिजे," म्हणाले. माझ्यासाठी एवढी वर्षं कोणी खिडकी बघितली नव्हती हो!

ह्यांच्या गल्लीतल्या फेऱ्या बंदच पडल्या. संध्याकाळ झाली की ऋचाला कडेवर घेऊन फाटकाशी उभे. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक गाईला तिच्या हाताने टाटा करवायचं. गायसुद्धा कंटाळली असेल. मी वरच्या गच्चीतून बघायचे. माझे गुडघे असे आहेत की जिना उतरणं म्हणजे माझ्यासाठी तीर्थयात्रा, म्हणून मी फारशी खाली जातच नसे. सगळ्यांचं जेवण वर, माझ्याकडे.

देवश्री बोलते कमी. आणि तिची मराठी एकदम पुस्तकातल्यासारखी शुद्ध, आमची हिंदीत भिजवलेली. ती "मी प्रयत्न करते" म्हणते, आम्ही "कोशिश करते" म्हणतो. तर एक दिवस ती ह्यांच्या हातात पाण्याचा ग्लास देऊन म्हणाली, "बाबा, खाली नळाला वास येतो."

ह्यांनी ग्लास नाकाशी धरला. हुंगलं. म्हणाले, "हो, येतोय खरा. बघतो मी."

वर येऊन मला म्हणाले, "टंकीचं पाणी ठीक आहे. सून म्हणतेय, खाली नळालाच वास आहे. लाइनमध्ये गडबड असणार." झालं! ह्यांच्या अंगात वीज संचारली. नगर निगमच्या लाइनवाल्यांना फोनावर फोन. ते आले, त्यांनी क्लोरीन बघायला पाण्यात कसलेसे थेंब टाकले, पाणी पिवळं झालं. म्हणाले, "साहब, दवा बराबर है, पानी एकदम बढ़िया है." ह्यांना पटेना. "नाही, बहू को बास आ रही है तो आ रही है." म्हणून आपल्या खर्चाने फाटकापासून आतली फरशी उखडली, लाइनीचा जुना पाइप काढून नवा टाकला. गल्लीत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होते, "बहू का कहना है. उसकी बात में दम है." देवश्री दारात उभी राहून बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असं होतं की बाबा हे अंगणात काय खणतायत. पण ती बोलली नाही. मोठ्यांनी एवढं मनावर घेतल्यावर कोण बोलणार?

पाइप बदलून झाला. ह्यांनी देवश्रीच्याच हातून ग्लास घेतला, नाकाशी धरला आणि जाहीर केलं, "साफ! आता काही नाही."

देवश्री म्हणाली, "बाबा, अजून येतोय."

"अगं, कुठे येतोय?"

"हाच ग्लास. आत्ताचा."

ह्यांनी परत हुंगलं. परत म्हणाले, "काही नाही, बेटा. वहम आहे तुझा. एकदा मनात बसलं की असं होतं."

यशोधन सकाळी अंधारात बस धरायला जाणारा, वर चहा पिऊन निघणारा. तो म्हणाला, "बाबा म्हणतात तर नसेल." देवश्रीचा चेहरा उतरला. ती आत गेली. दुसऱ्या दिवसापासून आमच्या फाटकासमोर कॅम्परची, म्हणजे विकतच्या पाण्याच्या जारांची, गाडी थांबायला लागली.

आता तुम्हीच सांगा, हलवायाच्या घरी बाहेरून मिठाई यावी, तसं झालं हे. समोरच्या भाभी गच्चीतून म्हणाल्या, "पोतनीस साहब के यहाँ कैम्पर?" मी म्हटलं, "बहू पुणे की है ना, आदत नहीं है." म्हटलं खरं, पण मला राग आला होता, सही सांगते. एवढं फरशी उखडून दिलं, अजून काय पाहिजे हिला? हे मात्र कॅम्परवाला आला की काही तरी काम काढून मागच्या बाजूला जायचे.

त्यात ऋचाचं पोट बिघडलं. डॉक्टर म्हणाले, पाण्याकडे लक्ष द्या. पिण्याचं कॅम्परमधलं होतं, पण वाट्या-चमचे टोंटीखालीच धुतले जायचे ना. ती बरी झाली, पण रडून रडून एवढीशी झाली होती. एका रात्री जेवताना यशोधन पानातून मान वर न करता म्हणाला, "बाबा, इंदूरला एक फ्लॅट बघितलाय. माझं रोजचं जाणं-येणंही वाचेल. दर रविवारी येऊ आम्ही."

हे "बरं" म्हणाले. एवढंच. ताटातली अर्धी पोळी तशीच राहिली. नंतर गच्चीत मला म्हणाले, "कुसुम, रविवारी येणारी नात वेगळी आणि घरात वाढणारी नात वेगळी." मी म्हटलं, "मग अडवा ना त्यांना." तर म्हणाले, "कशाच्या जोरावर अडवू?" मला तेव्हा कळलं नाही ते असं का बोलले. मला वाटलं, अपमान झालाय म्हणून.

जायच्या दिवशी सकाळी खाली खोकी बांधणं चालू होतं. मी बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन, कठडा धरून, देवाचं नाव घेत कशीबशी खाली उतरले. देवश्री ऋचाला आंघोळ घालत होती. मी किचनमध्ये गेले, म्हटलं आपली बीपीची गोळी घेऊन टाकू. टोंटी उघडली, ग्लास भरला, तोंडाजवळ नेला, आणि शी! सडक्या अंड्यासारखा भपका! मी ग्लास तसाच ओट्यावर आपटला आणि ओरडले, "अहो! इकडे या! हे काय आहे?"

सगळे धावत आले. देवश्री ऋचाला पंच्यात गुंडाळून. मी म्हटलं, "एवढा घाण वास येतोय आणि तुम्ही म्हणता वहम आहे?"

हे म्हणाले, "असं कसं? नळ तर मी पूर्ण बदलला. ती खाली नळाला म्हणाली होती."

"अहो बाबा, खालीच तर म्हणाले होते मी," देवश्री म्हणाली. "खाली. इथे. या मजल्यावर. वर आईंच्या किचनमध्ये येत नाही, खाली नळाला येतो, असं."

मी तिच्याकडे बघतच राहिले. अगं बाई! आमच्या उज्जैनच्या मराठीत 'खाली' म्हणजे नुसतं. 'आज खाली पोहे केलेत' म्हटलं की दुसरं काही केलं नाही. आणि 'नळ' आम्ही म्हणतो बाहेरून येणाऱ्या लाइनीला. नळ आला, नळ गेला. भिंतीतून पाणी देते ती टोंटी. ती बिचारी सांगत होती की खालच्या मजल्यावरच्या टोंटीला वास येतो, आणि आम्ही ऐकलं की फक्त लाइनीच्या पाण्याला येतो. म्हणून ह्यांनी अंगण खणलं आणि घरातल्या टोंटीला हात लावला नाही. यशोधन हसायला लागला. मलाही हसू आलं. म्हटलं, घ्या, एका शब्दापायी अख्खी फरशी गेली!

हे हसले नाहीत.

आणि हसता हसताच माझ्या डोक्यात आलं. मी म्हटलं, "पण थांबा. शब्दाचं जाऊ द्या. तिने ग्लास तर तुमच्या हातात दिला होता ना? याच टोंटीचा. एकदा नाही, दोनदा. वास तर तुम्ही घेतला होता. पहिल्यांदा हो म्हणालात, दुसऱ्यांदा नाही म्हणालात. पाणी तर तेच होतं."

हे ओट्याला टेकून उभे होते. खोक्यावर बसले. चष्मा काढला, उगाच पुसला.

"मला येत नाही," म्हणाले.

"काय येत नाही?"

"वास. कसलाच येत नाही. मागच्या थंडीत तो ताप आला होता ना मोठा, त्यानंतर. वाटलं, येईल परत. नाही आला."

ऋचा अजून या जगात यायची होती, तेव्हाचा तो ताप. माझ्या डोळ्यांसमोर एकेक यायला लागलं. गॅसवर दूध जळून कोळसा झालं होतं आणि हे शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत बसले होते. मी केवढी बोलले होते त्यांना! "नाक आहे की काय आहे ते" असंसुद्धा म्हणाले होते. हे म्हणाले, लक्ष नव्हतं. आमटीला हिंग घालायला मी विसरले तर आधी पहिल्या घासाला ओळखायचे, आता नुसतं मुकाट्याने जेवायचे. मला वाटलं, वयाने शहाणे झाले.

"आणि गल्लीत ते ग्लास हुंगून सांगायचात ते?"

"रंगावरून सांगायचो. हातावर घेऊन बघायचो. लोक बोलता बोलता स्वतःच सांगतात कसा वास आहे ते, तेच मी परत सांगायचो. अंदाजाने." मग एकदम माझ्याकडे बघून म्हणाले, "ते काढून घेतलं तर मला कोण बोलावणार गं कुसुम?"

मला रडू आलं. पन्नास गोष्टी बोलते मी दिवसभर, आणि जी कळायला पाहिजे होती ती एक कळली नाही.

देवश्री पुढे आली. ती म्हणाली, "बाबा, मला वाटलं तुम्ही मला खोटं पाडताय. यशोधनसमोर, आईंसमोर. मी रात्र रात्र विचार करायचे, मी बाबांचं काय वाईट केलंय. मी त्यामुळे निघाले होते. पाण्यामुळे नाही."

"तुझं खरंच होतं, बेटा," हे म्हणाले. "खोटं माझं होतं. मी तुला वहम म्हणालो आणि पोरीचं पोट बिघडलं. त्या दिवसापासून मला झोप नाही. तुला अडवायला माझ्याकडे तोंडच नव्हतं."

मग देवश्रीने ऋचाला माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, "उठा बाबा. मी वास घेते, तुम्ही सांगा कुठे बघायचं."

आणि मग त्या दोघांचं जे काम चाललं! हे म्हणाले, "आधी बाथरूमची टोंटी." देवश्री म्हणाली, नाही येत. "अंगणातली?" नाही. "म्हणजे टंकी ठीक आहे. टंकीत असतं तर सगळीकडे आलं असतं. आता किचनची उघड आणि चालू राहू दे. कमी होतोय का?" ती नाक लावून उभी. "हो बाबा, सुरुवातीला जास्त होता, आता कमी होतोय." "बंद कर. थोडं थांब. आता परत उघड." "परत आला!"

ह्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, "पाणी कुठे तरी थांबून राहतंय." आणि वळून जुन्या भिंतीकडे गेले. टोंटी खिडकीजवळ नेताना तिकडे जाणारा जुना पाइप ह्यांनी काढलाच नव्हता, भिंतीत तसाच ठेवून तोंडाला डाट, म्हणजे बूच, मारला होता. त्या तुकड्यात पाणी कधी वाहतच नव्हतं, बसून सडत होतं, आणि तीच घाण थोडी थोडी नव्या टोंटीत उतरत होती. पान्याने डाट उघडला तसा काळा, बुळबुळीत राडा बाहेर आला. यशोधन "ईऽऽ" करून अंगणात पळाला, मी पदर नाकाला लावला. हे एकटे आरामात त्या राड्यासमोर उकिडवे बसलेले. वर बघून म्हणाले, "फार येतोय का?" आणि देवश्रीला हसू फुटलं. ह्यांनाही फुटलं. मी म्हटलं, "घ्या, या नाकाचा एक तरी फायदा झाला!"

मग भिंत फोडून तो तुकडा मुळापासून कापला, जिथून फाटा फुटला होता तिथेच बंद केला. टोंटीची जाळी काढून घासली. टाकीत दवा टाकली, सगळ्या टोंट्या उघडून ते पाणी वाहू दिलं, टाकी परत भरली. देवश्रीने ग्लास घेतला, हुंगला, थोडं थांबून परत हुंगला. म्हणाली, "नाही येत." ह्यांनी विचारलं, "नक्की? माझं मन राखायला नको सांगू." ती म्हणाली, "बाबा, मी पुण्याची आहे, मन राखायला मी काही बोलत नाही." खोकी बघून यशोधन म्हणाला, "मग यांचं काय करायचं?" देवश्री म्हणाली, "काय करायचं म्हणजे? उघड."

दुपारी सगळं शांत झाल्यावर देवश्रीने ऋचाचे कपडे बदलले, टाळूला वेखंड लावलं आणि तिला ह्यांच्या मांडीवर दिलं. हे तिला जोजवत बसले होते. मग म्हणाले, "देवश्री, एक विचारू? हिला जो कोणी उचलून घेतो ना, तू, कुसुम, यशोधन, शेजारपाजारच्या बायका, सगळे आधी हिच्या टाळूला नाक लावतात. आणि सगळ्यांचा चेहरा असा होतो की..." त्यांनी ऋचाला जरा वर उचललं. "कसा वास येतो गं हिला?"

देवश्री त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. ऋचाच्या डोक्याला नाक लावून तिने मोठा श्वास घेतला, अगदी मन लावून.

"दुधाचा येतो, बाबा," ती म्हणाली. "थोडासा वेखंडाचा. आणि... उन्हात वाळवलेलं दुपटं घडी करताना येतो ना, तसा. गरम."

हे ऐकत होते. ऋचाच्या डोक्यावरून हात फिरवत होते.

"असं होय," म्हणाले. "मला वाटलंच होतं, चांगला असेल."